भीमाशंकर ते चाकण: आदिवासी तंत्रशिक्षणाची वाट

पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा औद्योगिक पट्टा पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वाढला. या रस्त्याच्या पश्चिमेला भीमा, घोड, मीना आणि कुकडी या नद्यांची खोरी आहेत. जुन्या कागदपत्रांत त्यांना भीमनेर, घोडनेर, मीननेर, कुकडनेर अशी नावे सापडतात. खेड, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या या डोंगराळ भागात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी या आदिवासी जमाती राहतात. मावळ-मुळशीतही ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ३.७ टक्के होते. भीमाशंकरच्या आसपासच्या गावांपासून चाकणचे कारखाने शंभर किलोमीटरच्या आत आहेत. हे अंतर आदिवासी मुलांनी तंत्रशिक्षणातून कसे कापले, याची हकीकत मात्र कारखान्यांच्या इतिहासाहून जुनी आहे.

पुण्यात इंजिनिअरिंगचे शिक्षण १८५४ मध्ये सुरू झाले. सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी हवे होते, त्यासाठी ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघाले. १९११ पासून ते कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग म्हणून ओळखले जाऊ लागले; आजचे सीओईपी ते हेच. त्याच्या स्थापनेआधी सहाच वर्षे, २ मे १८४८ रोजी, महादेव कोळ्यांच्या उठावाचा नायक राघोजी भांगरे याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली होती. पुढे १८७० च्या दशकात आंबेगावातल्या जांभोरीच्या होन्या केंगल्याने पुन्हा बंड केले. दोन्ही उठावांचा रोख सावकारीवर होता. होन्याच्या टोळीने सावकारांची नाके कापल्याच्या नोंदी सरकारी दप्तरात आहेत. डोंगरातल्या माणसाला लिहिलेला कागद भेटला तो सावकाराच्या हातात, मोजणीदाराच्या हातात आणि जंगल खात्याच्या शिपायाच्या हातात. शाळेचा कागद फार उशिरा आला, आणि तो उशीर पुढे शंभर वर्षांनी त्याच्या नातवंडांना भोवला.

आदिवासींच्या तंत्रशिक्षणाचा सरकारी पातळीवर पहिला विचार झाला तो १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत. मुंबई इलाख्यातील अस्पृश्य आणि आदिम जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली ही समिती बसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, डॉ. पी. जी. सोळंकी आणि अमृतलाल ठक्कर तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे वाढवण्याच्या शिफारशी होत्या. त्यांच्याच जोडीला कारखाने आणि रेल्वे वर्कशॉपमध्ये काम शिकणाऱ्या उमेदवारांना मदत, तसेच परदेशात इंजिनिअरिंग शिकण्यासाठी शिष्यवृत्ती हेही मुद्दे होते. वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि शिकाऊ उमेदवारी ही तीन सूत्रे तेव्हा कागदावर आली, आणि नंतरच्या नव्वद वर्षांत या विषयावर जे जे सरकारी काम झाले ते बहुतेक या तिन्हींच्या चौकटीतच झाले. पण १९३० मध्ये पिंपरी हे एक खेडे होते आणि चाकण कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जात होते.

स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही मिळू लागली. ६ सप्टेंबर १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जमातींची यादी जारी केली. ही तारीख पुढे महाराष्ट्रातल्या प्रत्येक आदिवासी विद्यार्थ्याच्या फाइलीत येऊन बसली. त्याचा खुलासा पुढे येईल.

पट्ट्यातला पहिला मोठा कारखाना सरकारी होता आणि तो विज्ञानाचा होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक वेगळे काढले. त्या सूक्ष्मजीवाला नाव मिळाले ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. म्हणजे १९६० च्या आसपास पिंपरीचे नाव जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात गेले. त्याच सुमारास पश्चिमेकडच्या खोऱ्यांतल्या अनेक वाड्यांमध्ये चौथीपुढची शाळा नव्हती.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या जमिनींवर शेड उभ्या राहू लागल्या. १९६६ मध्ये सुमंत मुळगावकरांनी टाटांच्या टेल्को कंपनीचा पुण्यातला प्रकल्प सुरू केला. ट्रकच्या आधी हत्यारे आणि माणसे घडवायची, हा त्यांचा आग्रह होता. पुण्याच्या कारखान्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. त्याआधीची वर्षे टूलरूम आणि प्रशिक्षण विभाग उभारण्यात गेली. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर अशा ट्रेडमध्ये घडलेली मुले पुढे पट्ट्यातल्या शेकडो लहान वर्कशॉपमध्ये पसरली.

याच टेल्कोची एक गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. १९७४ मध्ये इंजिनिअरच्या जागेसाठी निघालेल्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नयेत, असे छापले होते. सुधा कुलकर्णी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि दार उघडले. आदिवासींनी अर्ज करू नयेत असे मात्र कोणत्याही जाहिरातीत छापलेले नव्हते. तशी गरजच पडली नसती, कारण अर्ज करण्याच्या पात्रतेपर्यंत पोहोचलेला आदिवासी इंजिनिअर सापडणे दुर्मीळ होते. मनाईचा फलक दिसला तर त्याविरुद्ध पत्र तरी लिहिता येते. इथे अडवणूक होत होती ती फाटकाच्या कितीतरी आधी, तालुक्याच्या गावी, चौथीनंतर आणि दहावीनंतर.

सरकारी कारखान्यांत राखीव जागा होत्या. १९७० पासून केंद्राने अनुसूचित जमातींसाठी ७.५ टक्के प्रमाण ठरवले. खासगी कारखान्यांना नोकरीत आरक्षणाचे बंधन नव्हते आणि आजही नाही. त्यांच्या आवारात एकाच ठिकाणी कायद्याने आदिवासींसाठी जागा राखली गेली, ती म्हणजे शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि कलम ३-अ नुसार अनुसूचित जाती-जमातींना ट्रेडमध्ये राखीव जागा मिळाल्या. त्याच दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअरही या कायद्याखाली आले. मात्र उमेदवारी संपल्यावर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेले आहे. आदिवासी मुलगा वर्षभर लेथवर उभा राहून काम शिकू शकत होता. पुढे त्याला ठेवायचे की नाही, हा कंपनीचा प्रश्न होता.

त्या काळात अनुसूचित जमातींच्या यादीतच एक पेच होता. १९५६ च्या आदेशानुसार ठाकर जमात (यादीत ‘ठाकूर’) राज्यभर अनुसूचित नव्हती. पुणे जिल्ह्यात तिला हा दर्जा आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळ आणि मुळशी या तालुक्यांपुरताच होता. पिंपरी-चिंचवड हवेली तालुक्यात, आणि हवेलीचे नाव यादीत नव्हते. खेडच्या डोंगरातून कामासाठी पिंपरीत येऊन राहिलेल्या ठाकर कुटुंबाने कायद्याच्या नजरेत आपला दर्जा मागे, तालुक्याच्या शिवेवर, ठेवला होता. कारखान्याजवळ यावे तर आदिवासीपण जाते आणि आदिवासीपण टिकवावे तर कारखान्यापासून दूर राहावे, अशी ही रचना वीस वर्षे चालली. १९७६ च्या कायद्याने क्षेत्रबंधन उठले आणि जुलै १९७७ पासून ही जमात राज्यभर अनुसूचित ठरली.

शिक्षणाची बाजू सरकारने आश्रमशाळांच्या मार्गाने सांभाळली. १९७२-७३ पासून महाराष्ट्रात शासकीय आश्रमशाळांचा विस्तार झाला, १९७५-७६ पासून आदिवासी उपयोजना आली, १९८३ मध्ये स्वतंत्र आदिवासी विकास विभाग झाला. पुणे जिल्ह्याचे काम घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आले. आज राज्यात सुमारे पाचशे शासकीय आणि त्याहून थोड्या अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. या शाळांनी मुलांना दहावीपर्यंत आणले, ही त्यांची खरी कमाई. पण विज्ञान शाखेचे अकरावी-बारावीचे वर्ग, प्रयोगशाळा आणि गणिताचे पूर्णवेळ शिक्षक यांची टंचाई कायम राहिली. त्यामुळे दहावीनंतर बहुतेकांपुढे आयटीआय हाच सोयीचा रस्ता उरला: दोन वर्षांचा ट्रेड, मराठीतून शिक्षण आणि पुढे चाकण किंवा भोसरी. इंजिनिअरिंगची पदवी ही बारावी सायन्समधून जाणारी वाट होती, आणि ती वाट आश्रमशाळेतून निघतच नव्हती.

या जमातींचा अभ्यास करणारी संस्था पुण्यातच होती. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालकपद डॉ. गोविंद गारे यांनी भूषवले. ते स्वतः महादेव कोळी समाजातले. आदिवासींवर लिहिणारा संशोधक आदिवासीच असावा, ही तोवर अपवादाची गोष्ट होती. गारे यांनी सह्याद्रीतल्या आपल्याच समाजावर ग्रंथ लिहिला आणि बोगस आदिवासींचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला.

तो प्रश्न १९७६ नंतर पेटला. क्षेत्रबंधन उठताच नामसाधर्म्य असलेल्या इतर जातींचे लोकही अनुसूचित जमातीचे दाखले काढू लागले. किनाऱ्यावरचे आणि नदीकाठचे कोळी ‘महादेव कोळी’ झाले, विणकर कोष्टी ‘हलबा’ झाले, ठाकूर आडनावाचे काही जण ‘ठाकूर’ जमातीत आले. १९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे ५८ लाख, म्हणजे राज्याच्या ९ टक्क्यांहून अधिक, निघाली. एका दशकातली ही वाढ जन्मदराने समजावून सांगता येण्यासारखी नव्हती. हे सर्व घडत असताना १९८३ मध्ये वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. १९८४ मध्ये पिंपरीत डी. वाय. पाटील कॉलेज निघाले, १९९० मध्ये पिंपरी चिंचवड एज्युकेशन ट्रस्टचे पॉलिटेक्निक आणि १९९९ मध्ये त्यांचेच इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजे पीसीसीओई. प्रवेशाच्या जागा झपाट्याने वाढल्या, त्यांत ७ टक्के राखीव जागाही वाढल्या. दाखल्याला एकाएकी बाजारभाव आला.

सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले पहिले गाजलेले प्रकरण वैद्यकीय प्रवेशाचे होते. माधुरी पाटील खटल्यात दोघी बहिणींनी महादेव कोळी म्हणून प्रवेश घेतला होता, पण घरातल्या शाळेच्या नोंदी ‘हिंदू कोळी’ अशा होत्या. २ सप्टेंबर १९९४ च्या निकालात न्यायालयाने दाव्यांच्या पडताळणीची पूर्ण पद्धत घालून दिली: तपासणी समिती, दक्षता पथक, गृहचौकशी, शाळेच्या नोंदींची छाननी. नोव्हेंबर २००० मध्ये मिलिंद प्रकरणात घटनापीठाने हलबा-कोष्टी हे हलबा नव्हेत असे ठरवले, तरी डॉक्टर झालेल्या त्या विद्यार्थ्याची पदवी काढून घेतली नाही. राज्याचा जात पडताळणी कायदा २००१ मध्ये अमलात आला. ६ जुलै २०१७ च्या जगदीश बहिरा निकालाने मात्र खोट्या दाव्यावर मिळवलेली नोकरी आणि प्रवेश टिकणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्यावर डिसेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारने संबंधित कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग करून सांभाळून घेतले. आदिवासी संघटनांचा त्यावरचा राग अजून शमलेला नाही, आणि तो समजण्यासारखा आहे.

या साऱ्या व्यवस्थेचा भार शेवटी खऱ्या आदिवासी विद्यार्थ्यावर पडला. इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा असेल तर उत्तम: आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद, गाव नमुन्यातला उतारा. गावातल्या जीवन शिक्षण मंदिर शाळेच्या कपाटातले वाळवी लागलेले रजिस्टर उघडले तर गुरुजींनी जातीच्या रकान्यात काय लिहिले आहे यावर नातीची सीट ठरते. ‘महादेव कोळी’ असे पूर्ण लिहिले असेल तर काम सोपे. पण घाईत नुसते ‘कोळी’ लिहिले असेल, किंवा सवयीने ‘हिंदू कोळी’, तर दक्षता पथक घरी येते आणि आप्तभाव चाचणी होते. कुलदैवत कोणते, लग्नात कोणते विधी होतात, मर्तिकात काय करतात, कोणते सण, कोणती बोली, हे प्रश्न विचारले जातात. भोसरीच्या चाळीत वाढलेल्या, डोंगरातल्या घरी दिवाळी-शिमग्यालाच जाणाऱ्या मुलीला यांतली काही उत्तरे आईला विचारून पाठ करावी लागतात. ज्या समाजाने कागदाविरुद्ध बंडे केली, त्याचा हक्क आता नेमक्या कागदावर टेकला होता. खोटा दावेदार बहुधा शिकलेल्या घरातला असतो, त्याच्याकडे फाइल जाड असते. खऱ्याच्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिलेले नसते.

कातकऱ्यांची गोष्ट याहून बिकट आहे. केंद्राने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित गटात घातले, त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी येतात. वीटभट्टी आणि कोळसाभट्टीच्या कामासाठी वर्षातले सहा-आठ महिने कुटुंब फिरते असल्याने मुलांची शाळा दिवाळीनंतर सुटते. त्यांच्या बाबतीत इंजिनिअरिंग कॉलेजातल्या आपलेपणाचा प्रश्न उपस्थित होण्याइतकी मुले तिथवर पोहोचलेलीच नाहीत.

चाकणचा काळ १९९० नंतरचा. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, त्यानंतर महिंद्र. त्यांच्या मागे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांची रांग लागली. डोंगरातल्या तरुणांसाठी रोजगार प्रथमच इतका जवळ आला. बाळहिरडा वेचून आणि भातावर भागणाऱ्या घरात महिन्याचा पगार येऊ लागला, ही लहान गोष्ट नव्हे. पण कारखान्यांचे स्वरूपही बदलले होते. टेल्कोच्या पिढीत शिकाऊ उमेदवार पुढे ‘परमनंट’ होण्याची आशा बाळगू शकत होता. चाकणच्या लाइनवर कंत्राटी कामगार आणि ट्रेनी यांचा भरणा झाला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये ‘नीम’ योजना काढली. शिकता शिकता काम, असा तिचा हेतू. प्रत्यक्षात ‘नीम’ ट्रेनी हा पट्ट्यात स्वस्त मनुष्यबळाचा पर्यायी शब्द बनला आणि टीकेनंतर योजना गुंडाळावी लागली. विद्यार्थी म्हणून नोंद आणि काम मात्र असेंब्ली लाइनवरचे, अशी ही मधली अवस्था होती, आणि दहावी-बारावी-आयटीआयवर थांबलेली खोऱ्यांतली मुलेही तिच्यात सापडली.

डोंगरात तंत्रज्ञान नव्हतेच असे समजण्याचे कारण नाही. पडकई हे त्याचे चांगले उदाहरण. महादेव कोळी शेतकरी एकमेकांच्या शेतावर सावडीने जमून उताराची जमीन खोदतात, निघालेले दगड रचून बांध घालतात, मागे माती भरून पायऱ्यांसारखी भातखाचरे तयार करतात. बांध किती उंच, पाणी कुठून सोडायचे, कोणता उतार धरेल आणि कोणता सुटेल, याचे ज्ञान पिढ्यांचे आहे. घोड नदीवरच्या डिंभे धरणात मूळ आंबेगावसह अनेक गावे बुडाली, तेव्हा विस्थापितांमध्ये कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने काम केले. तिच्या प्रयत्नांनी पडकईची कामे सरकारी रोजगार योजनेत बसली, जलाशय ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळजमिनीवर पिके घेण्याचा आणि मासेमारीचा हक्क लोकांनी मिळवला. २०१२ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. मृदसंधारण हा स्थापत्य अभियांत्रिकीतला रीतसर विषय आहे. पण पडकई करणाऱ्याचा मुलगा त्या वर्गात बसला, तर घरचे हे ज्ञान त्याला परीक्षेत उपयोगी पडेल अशी सोय अभ्यासक्रमात नाही.

दोन वर्षांनी हाच विषय वेगळ्या प्रकारे पुढे आला. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५० च्या आसपास माणसे गेली. कारणांची चर्चा सुरू झाली तेव्हा अतिवृष्टीबरोबर उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडेही बोट दाखवले गेले. पडकईच्या नावाखाली जेसीबी लावला गेला होता, असा आरोप होता. हाताने, दगड निवडून, दरवर्षी थोडे थोडे होणारे काम आणि चार दिवसांत बकेटने ओरबाडलेला उतार यांना एकच नाव देणे ही मुळात तांत्रिक चूक होती. ती ओळखायला डोंगर आणि भूअभियांत्रिकी दोन्ही कळणारा इंजिनिअर हवा होता.

याआधी २००९ मध्ये आंबेगाव तालुक्यातच अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले होते. पश्चिमेकडच्या गावांना पुण्याहून ते कितीतरी जवळचे. तरीही इंजिनिअरिंगची जागा आणि विद्यार्थी यांच्यात निवाऱ्याचा प्रश्न उरतोच. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या शासकीय आदिवासी वसतिगृहांत जागा कमी, अर्ज जास्त. २०१६ मध्ये सरकारने पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आणली: वसतिगृह मिळाले नाही तर राहण्या-जेवण्याचे पैसे खात्यात. एप्रिल २०१८ मध्ये मोठ्या शहरांतल्या वसतिगृहांची खानावळही बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात देण्याचे ठरले. विद्यार्थ्यांचा अनुभव असा की पैसे वेळेवर येत नाहीत आणि आले तरी गावाकडच्या अडचणीत ते घरी जातात. प्रॅक्टिकल संपवून परतलेल्या मुलाने संध्याकाळी डबा शोधत हिंडायचे की असाइनमेंट पूर्ण करायची, हा प्रश्न होता. जुलै २०१८ मध्ये शेकडो विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले. पोलिसांनी त्यांना सिन्नर तालुक्यात नांदूर शिंगोटे येथे अडवले. ज्या रस्त्याने त्यांच्या आईबापांची पिढी कामाच्या शोधात खाली आली होती, त्याच पुणे-नाशिक रस्त्याने ही मुले जेवणाचे ताट मागत वर जात होती. १९३० च्या अहवालातली वसतिगृहाची शिफारस अशी रस्त्यावर आली.

प्रवेश मिळाल्यानंतर काय, हा प्रश्न २०१९ मध्ये सगळ्या राज्यापुढे आला. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी यांनी २२ मे रोजी आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला आणि खटला उभा राहिला. त्यांच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबादमध्ये तसाच जीव गमावलेल्या रोहित वेमुला या विद्यार्थ्याच्या आई राधिका यांनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे समानतेविषयीचे २०१२ चे नियम कॉलेजे पाळत नाहीत, हा तिचा गाभा. प्रकरण वैद्यकीय क्षेत्रातले असले तरी इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये सीईटीचा ‘स्कोअर’ विचारून जात ताडण्याची रीत वेगळी नाही. अमेरिकेत मूलनिवासी विद्यार्थी कॉलेज अर्ध्यावर सोडतात म्हणून १९७७ मध्ये तिथल्या मूलनिवासी शास्त्रज्ञ-इंजिनिअरांनी ‘एआयएसईएस’ ही स्वतःची संस्था काढली. कॉलेजाकॉलेजांत तिच्या शाखा आहेत आणि पुढे गेलेला इंजिनिअर मागच्यांना हात देतो. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा वसतिगृहातले वरच्या वर्गाचे विद्यार्थी आणि आदिवासी विद्यार्थी संघटना फॉर्म भरून देण्यापासून करत आल्या आहेत.

भाषेचा अडथळा ओळखला गेला तो पट्ट्यातच. २०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने देशातल्या १४ महाविद्यालयांना भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवण्याची परवानगी दिली. त्यांत महाराष्ट्रातून होते पीसीसीओई, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून. आश्रमशाळेतून आलेल्या मुलाला पहिल्या सेमिस्टरमध्ये गारद करते ती बहुधा इंग्रजीच, गणित नंतर. त्या दृष्टीने प्रयोग महत्त्वाचा होता. पण बारावी सायन्सचे वर्गच आश्रमशाळेजवळ नसतील, तर मराठी माध्यमाचा लाभ प्रथम घेतील ती शहरातली आणि निमशहरातली मुले, हेही उघड होते. राखीव जागांबाबतही तेच. ज्या शाखांना अनुसूचित जमातीचे उमेदवार मिळत नाहीत, तिथल्या जागा प्रवेशफेऱ्यांच्या नियमांप्रमाणे शेवटी इतर प्रवर्गांकडे वळतात.

पडताळणीच्या कायद्यात अलीकडचा मोठा बदल ठाकर समाजाच्याच प्रकरणातून झाला. २०११ मध्ये आनंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की स्थलांतर आणि आधुनिक जीवनामुळे जमातीच्या चालीरीती बदलतात, म्हणून आप्तभाव चाचणी हा एकमेव निकष होऊ शकत नाही. तरी समित्या ती चाचणी लावून दावे फेटाळत राहिल्या. अखेर २४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या याचिकेवर तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला: प्रत्येक दाव्यात आप्तभाव चाचणी आवश्यक नाही. १९५० पूर्वीच्या नोंदी सर्वाधिक वजनाच्या धराव्यात आणि समितीचे कागदपत्रांनी समाधान झाले नाही तरच दक्षता पथकाकडे जावे. ज्यांच्या पणजोबांचे नाव एखाद्या शाळेच्या रजिस्टरमध्ये ‘ठाकर’ म्हणून नीट लिहिलेले आहे, त्या भोसरी-चिखलीतल्या मुलांचा मार्ग या निकालाने सोपा झाला. ज्या कातकरी वाडीत १९५० पूर्वी कुणी शाळेतच गेले नव्हते, तिथल्या अर्जदाराला मात्र दाखवायला कागद नाही. त्याची तपासणी अजूनही दक्षता पथकाच्या गृहचौकशीवर आणि त्याच आप्तभाव चाचणीवर येऊन ठेपते.